कुसुमचा आवाज

अप्पांचा जोडधंदा आवाजाचा होता आणि घरात सगळ्यांत कमी बोलणारेही तेच होते. दिवसा ते टेलिफोन खात्यात मेकॅनिक होते. संध्याकाळी सायकलवरून घरी यायचे, बशीतून चहा प्यायचे आणि पुन्हा सायकल काढून शनिवार पेठेतल्या गाळ्यावर जायचे. त्या भाड्याच्या गाळ्यात आमचे लाउडस्पीकर असत. एकात एक घालून छपरापर्यंत रचलेले पत्र्याचे कर्णे, वायरींची भेंडोळी, लाकडी पेट्यांतले अँप्लिफायर आणि जाड फडक्यात गुंडाळलेले माइक. लग्न, बारसं, सोसायटीची सभा, विहारातली पौर्णिमा, जयंतीची मिरवणूक, कुणालाही घरच्यांपेक्षा जास्त लोकांशी बोलायचं असलं की अप्पांना बोलावणं यायचं. बिघडलेला माल मात्र दुरुस्तीला घरी यायचा. मंगळवार पेठेतल्या आमच्या दोन खोल्यांत त्यामुळे कायम दोन वास एकमेकांत मिसळलेले असत, आईच्या तव्यावरच्या सुकटाचा आणि अप्पांच्या सोल्डरच्या धुराचा. आई म्हणायची, "अहो, आज ताट तुम्हाला वाढू की मशिनला?" अप्पा मान वर न करता म्हणायचे, "मशिनला भूक नसते. मला वाढ."

स्पीकर दुरुस्त झाला की तपासायला कोणीतरी त्यात बोलावं लागतं. ते काम लहानपणापासून माझं. माइकचं डोकं माझ्या तोंडापेक्षा मोठं होतं तेव्हापासून मी "हॅलो, हॅलो" म्हणत आले. पुढे शाळेत वक्तृत्वाची बक्षिसं मिळायला लागली, विहारातल्या कार्यक्रमांचं सूत्रसंचालन माझ्याकडे आलं. माझा आवाज बारीक होता, पण खणखणीत. ण म्हटलं की ण, ळ म्हटलं की ळ. कार्यक्रमानंतर कोणी पाहुणे अप्पांना म्हणत, "तुमची मुलगी अगदी शनिवार पेठेतल्यासारखी बोलते हो." त्या वाक्यातलं आश्चर्य आईला आवडत नसे, ती पदर खोचून दुसरीकडे जायची. अप्पा वायर गुंडाळत राहायचे. मला मात्र ते वाक्य फार आवडायचं. रात्री अंथरुणात मी ते परत परत मनात म्हणून बघत असे, आणि पाहुण्यांच्या ऐवजी ते अप्पांनी म्हटलंय असं समजत असे. कारण अप्पा माझ्या बोलण्याबद्दल कधीच काही म्हणत नसत. जेवताना मी कॉलेजातलं काही सांगायला लागले की ते "हं" म्हणत आणि भाकरीचा पुढचा तुकडा मोडत.

कुसुम आमच्याकडे आली ती लोणी काळभोरहून. माझ्या आत्याची मुलगी, माझ्यापेक्षा थोडी लहान. पुण्यात कॉलेज करायचं म्हणून आत्यानं तिला आमच्याकडे धाडली होती. ती आली तेव्हा अप्पा आतल्या खोलीत एका अँप्लिफायरच्या पोटात डोकं घालून बसले होते आणि मी त्यांना शेजारून काहीतरी विचारत होते. दोनदा विचारलं होतं. तेवढ्यात दारातून आवाज आला, "मामा हाय का घरात?" अप्पांनी ताडकन डोकं वर काढलं. "कुसुम आली," म्हणाले, आणि हातातला पाना तसाच घेऊन बाहेर गेले. दारात पत्र्याची ट्रंक आणि उसाचा भारा घेऊन कुसुम उभी होती, उंच, सावळी, पायांवर धूळ. "मामा, वाळलात की वं," ती म्हणाली. बाईच्या गळ्यातून असा आवाज मी तोवर ऐकला नव्हता. छातीतून यायचा, जाड, घुमणारा, रांजणात तोंड घालून कोणी बोलावं तसा. अप्पा हसत होते. मी आतल्या खोलीत तशीच उभी होते, माझा प्रश्न हातात धरून.

त्या दिवसापासून जेवणाच्या वेळा बदलल्या. म्हणजे वेळ तीच, पण अप्पा बोलायला लागले. कुसुमला कालव्याचं विचारायचे, कोणाचा ऊस गेला, कोणाची विहीर आटली, ते विचारायचे. ती सांगायची, "पानी सोडलंय पर आमच्या टोकाला येत न्हाय," आणि अप्पा जेवता जेवता थांबून ऐकायचे. बाजरीची भाकरी ती आईपेक्षा पातळ करायची. अप्पा एक जास्त घ्यायचे. मी मध्येच काही बोलले तर माझ्याकडे बघायचे, नीट बघायचे, आणि मग तेच, "हं." मला वाटायचं, हिच्या बोलण्यात एक शब्द शुद्ध नाही, आणि हिला उत्तरं मिळतात. मी भांडी घासायला उठायचे आणि पातेली जरा जास्तच आपटायचे. आई म्हणायची, "पातेल्यानं काय केलंय तुझं?"

आता साठी ओलांडल्यावर हे लिहिताना गंमत वाटते, पण तेव्हा त्यात गंमत नव्हती. मत्सर पोटात राहतो, माणसं म्हणतात. माझा कानात होता. घरात कुठेही असले तरी ते दोघं बोलत असले की मला ऐकू यायचं, आणि नसले बोलत तर ते का बोलत नाहीत हेही मी ऐकत असे.

त्याच सुमारास अप्पांनी रविवारच्या जुन्या बाजारातून एक काळी पेटी आणली. पुढच्या बाजूला एका ओळीत उभ्या खाचा, आणि प्रत्येक खाचेत खालीवर सरकणारी छोटी पट्टी. तिला इक्वलायझर म्हणतात हे मला कॉलेजात कळलं, अप्पा तिला "पट्ट्या" म्हणत. आमच्या धंद्यात तोवर आवाज मोठा करणं आणि लहान करणं एवढंच होतं. ही पेटी आवाजाचे पदर वेगळे करायची. अप्पांनी मला आणि कुसुमला समोर बसवून समजावलं. "डावीकडच्या पट्ट्या म्हणजे घुमारा. ढोल, गाडीचं इंजिन, माणसाची छाती. मधल्या म्हणजे बोलणं. आणि या उजवीकडच्या म्हणजे स, श, च, भांड्यांचा खणखणाट. घुमारा वाढवला की आवाज मोठा वाटतो, पण शब्द त्यात बुडतात. मधलं जरा उचललं की शब्द वर येतात. उजवीकडचं फार झालं की कानात टोचतं." अप्पा सलग एवढं बोललेले मी पहिल्यांदाच ऐकत होते. कुसुम म्हणाली, "म्हंजी दळण चाळायचं. कोंडा खाली, पीठ वर." अप्पा मनापासून हसले. मला ते उत्तर माझं असायला हवं होतं.

पट्ट्यांची पहिली गरज पडली ती कुसुमलाच. विहारात पौर्णिमेच्या कार्यक्रमात कोणीतरी तिला दोन शब्द बोलायला उभं केलं. विहाराचं छप्पर पत्र्याचं. तिचा आवाज माइकमधून गेला, पत्र्यावर आपटला आणि खाली आला तो नुसता गडगडाट. मागच्या रांगेतल्या बायका एकमेकींना विचारू लागल्या, "काय म्हणतीय ती?" मी बाजूला सूत्रसंचालिका म्हणून उभी होते. मला आतून इतकं बरं वाटलं की मी खीर वाटताना सगळ्यांना डावभर जास्त वाढली. कुसुमला स्वतःला काहीच वाटलं नाही. "कुनाला काय कळलं न्हाय वाटतं," ती म्हणाली आणि चप्पल शोधायला लागली.

पण अप्पांना वाटलं. दुसऱ्या संध्याकाळी त्यांनी तिला माइकपुढे बसवलं आणि पट्ट्या हलवायला घेतल्या. ती वर्तमानपत्र वाचायची, अप्पा हेडफोन लावून डोळे मिटून बसायचे, एक पट्टी केसभर खाली, दुसरी केसभर वर. "परत वाच," म्हणायचे. गाळ्यावर जायचं सोडून असे ते कित्येक संध्याकाळी बसले. डावीकडच्या पट्ट्या त्यांनी जवळजवळ तळाला नेल्या, मधल्या हळूहळू चढवल्या. आणि मग एका संध्याकाळी स्पीकरमधून जे बाहेर आलं ते ऐकून आई स्वयंपाकघरातून बाहेर आली. आवाज कुसुमचाच होता, पण धुऊन पुसून ठेवल्यासारखा. ऊब होती तेवढी राहिली होती आणि प्रत्येक शब्द सुटा, स्वच्छ. अप्पांनी हेडफोन काढला. त्यांच्या चेहऱ्यावर जे होतं ते मी माझ्या एकाही बक्षिसाला पाहिलं नव्हतं. मी म्हटलं, "आता माझा आवाज करून बघा ना." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "विजू, तुला काही लागत नाही," म्हणाले. "आहे तसा असू दे." तेव्हा मी ते कौतुक समजले. पण कौतुक असूनही ते पोटात नीट बसेना. कुसुमसाठी संध्याकाळच्या संध्याकाळी, आणि माझ्यासाठी एक पट्टीसुद्धा नाही.

पुढे शहरातल्या एका मोठ्या बसस्थानकावर गाड्यांची घोषणा टेपवर करायचं ठरलं. तिथले कंट्रोलर घसा बसेपर्यंत माइकमध्ये ओरडायचे आणि लोक शेवटी कंडक्टरलाच विचारायचे. अप्पांनी कधीतरी त्यांचा अँप्लिफायर दुरुस्त केला होता, म्हणून विचारणा त्यांच्याकडे आली. बाईचा आवाज हवा, स्पष्ट हवा. आई लगेच म्हणाली, "मग विजूच की." मीही तेच धरून चालले होते. मैत्रिणींना सांगूनही टाकलं होतं. अप्पा म्हणाले, "दोघींचा करू. ते ठरवतील."

त्या टेपा आम्ही घरीच केल्या. भिंतींना गोधड्या टांगल्या, खिडकीला सतरंजी लावली, शेजारच्यांना कुकर उशिरा लावायची विनंती करून आलो. कुसुमचे उच्चार घोटून घ्यायचं काम माझ्याकडे आलं. "पाणी म्हण." "पानी." "जीभ वर, टाळ्याला लाव. पाणी." ती तासन्‌तास म्हणायची, न कंटाळता, आणि शेवटी तिला ण सापडला तेव्हा तिनं मला मिठीच मारली. "ताई, तुज्यामुळं." मला मिठीत अवघडल्यासारखं झालं. मग अप्पांनी मला हेडफोन दिला. "वरचं माझ्या कानाला हल्ली नीट लागत नाही. कर्ण्यांपुढे उभं राहून राहून कान बोथट झालेत. हिचा स कुठे टोचतो आणि कुठे बुडतो ते तू सांग." मी ऐकलं. चांगलं काम करायची खोड मला अप्पांचीच लागली होती, खोटं सांगणं मला जमलंच नसतं. उजवीकडची एक पट्टी थोडी वर, तिच्या शेजारची थोडी खाली, असं करत करत "सासवड" या शब्दातले दोन्ही स मी तिच्या टेपवर असे बसवले की ते ऐकून मलाच राग आला. माझी टेप एका दमात झाली. कुसुमनं विचारलं, "ताईच्या आवाजाला काय लावायचं?" अप्पा म्हणाले, "तिला काही लागत नाही."

माझी नात परवा मोबाइलवर काहीतरी ऐकत होती. तिनं पडदा दाखवला, त्यावर रंगीत रेष खालीवर होत होती. "आजी, हे बोट फिरवलं की बोलणं क्लिअर होतं," ती म्हणाली. मी बोट फिरवून पाहिलं. डावीकडे खाली, मध्ये वर, लगेच जमलं. तिला वाटलं, आजीला हे कसं येतं. मी सांगितलं नाही, कारण सांगायचं म्हटलं की कुसुमचं नाव घ्यावं लागलं असतं. इतकी वर्षं झाली तरी तिचं नाव चांगल्या गोष्टीत आधी माझ्याकडून येत नाही.

चाचणीच्या दिवशी आम्ही चौघं स्थानकावर गेलो. आईनं दोघींना सारखीच वेणी घातली होती. स्थानकप्रमुख ठेंगणे, गोरेपान, कायम झोप अपुरी झाल्यासारखे गृहस्थ होते. त्यांच्या केबिनमध्ये आधी दोन्ही टेपा छोट्या स्पीकरवर ऐकल्या. माझी संपल्यावर ते अप्पांना म्हणाले, "वा. अगदी आकाशवाणी." मी साडीचा काठ सरळ केला. कुसुमची संपल्यावर म्हणाले, "हाही बरा आहे." मग उठले. "पण आम्हाला केबिनमध्ये बसून गाडी पकडायची नसते. चला बाहेर."

बाहेर गाड्या सुरू होत्या. इंजिनांची घरघर, पेरूवाल्यांचा गलका, रडणारी पोरं, शिट्ट्या. खांबांना अप्पांकडच्यासारखेच पत्र्याचे कर्णे लावलेले होते. अगदी टोकाच्या फलाटावर एक म्हातारी बोचकं घेऊन बसली होती. प्रमुख तिला म्हणाले, "आजी, आता वर बोलतील ते ऐका आणि मला सांगा." माझी टेप लागली. मी माझा आवाज ओळखला नाही. कर्ण्यात जाऊन त्याची धार झाली होती. स आणि श शिट्टीसारखे येत होते आणि मधले शब्द इंजिनांच्या घरघरीत कुठेतरी पडून जात होते. म्हातारीनं कान चोळला. "काय कळलं, आजी?" "कोनतरी शिट्टी वाजवतंय बघा," ती म्हणाली. मग कुसुमची टेप लागली. "प्रवाशांनी लक्ष द्यावे." त्या सगळ्या गोंगाटावर तो आवाज घरातल्या माणसासारखा आला. सावकाश, शब्दाला शब्द न चिकटता. म्हातारी बोचकं उचलून उभी राहिली. "भोर," म्हणाली. "लागलीय म्हनं पलीकडं. जाते मी." आणि खरंच निघाली. ती गाडी टेपेतली आहे, खरी नाही, हे सांगायला प्रमुखांना तिच्यामागे जावं लागलं.

परत येऊन ते माझ्याकडे वळले. "बाई, आपला आवाज उत्तम आहे," म्हणाले. "पण आमचे प्रवासी वाईट ठिकाणी उभे असतात." आणि कुसुमची टेप ठेवून घेतली.

घरी आल्यावर आईनं शेवयांची खीर केली, "दोघींनी केलंय, दोघींची खीर," म्हणाली. कुसुम खात होती. मी वाटीत बोट फिरवत होते. अप्पांनी माझ्याकडे दोनतीनदा बघितलं, काहीतरी म्हणायचं असल्यासारखं, आणि मग पाणी प्यायले.

माझं डी.एड.चं कॉलेज शहराबाहेर होतं आणि गाडी त्याच स्थानकावरून सुटायची. रोज सकाळी मी तिथं उभी असायचे आणि रोज सकाळी कुसुम माझ्या डोक्यावरच्या कर्ण्यातून बोलायची. घरून निघताना मी तिला झोपलेली सोडून यायचे आणि इथे ती माझ्या आधी पोचलेली असायची. "सासवडला जाणारी गाडी" म्हटलं की दोन्ही स जिथे बसवले तिथेच बसलेले. "कृपया आपल्या सामानाची काळजी घ्यावी" यातला ळ माझा होता, तिच्या जिभेवर मी ठेवलेला. ऐकू नये म्हणून मी पुस्तक उघडायचे, पण मुद्दामच असा केला होता तो आवाज, की ऐकायचं नसलं तरी ऐकू यावा.

एकदा आम्ही दोघी मावशीकडे सासवडला निघालो होतो. गाडीला वेळ होता, म्हणून टपरीवर चहा घेतला. वरून घोषणा झाली तसं कुसुमनं टपरीवाल्याला सहज सांगितलं, "त्यो आवाज माजा हाय." टपरीवाल्यानं तिच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. "तुमचा?" "व्हय." तो हसला. गिऱ्हाइकंही हसली. कोणीतरी म्हणालं, "बोलून दाखवा की मग." कुसुमनं लाजत, पण बोलून दाखवलं. "प्रवाशांनी लक्ष द्यावे." गळ्यातून आला तो रांजणातला घुमारा, पट्ट्यांशिवायचा. लोक अजून हसले. तेव्हा मी म्हटलं, "अहो, तिचाच आहे. आमच्या वडिलांनी रेकॉर्ड केलाय." टपरीवाल्याची मान माझ्याकडे वळली. "ताई, तुमचा असेल," तो म्हणाला. "तुमचं बोलणं कसं स्वच्छ आहे. यांना कशाला पुढे करता?" मी पुन्हा सांगितलं, नाही, तिचाच. त्यानं मान हलवली, आणि माझ्या चहाचे पैसे घ्यायला तयार होईना.

इतके दिवस मी ज्याची वाट बघत होते ते माझ्यापुढे आलं होतं. भर स्थानकात लोक कुसुमला खोटी आणि मला तो आवाज समजत होते. मी तिच्याकडे पाहिलं. ती ग्लासातला चहा फुंकत होती. "असू दे ताई," म्हणाली. "गाडी सापडल्याशी मतलब. आवाज कुनाचा का असंना." तिला खरंच काही वाटलं नव्हतं. मी ज्यासाठी महिनोन्‌महिने जळत होते ते तिनं टपरीवर ठेवून दिलं आणि गाडीत जाऊन माझ्यासाठी खिडकीची जागा धरली. सासवडपर्यंत मी खिडकीबाहेर बघत होते आणि मला तिचा आधी कधी आला नव्हता इतका राग आला होता.

पुढच्या रविवारी मी अप्पांपुढे जाऊन उभी राहिले. दुपार होती, आई आणि कुसुम स्वयंपाकघरात होत्या, बोंबलाचा रस्सा उकळत होता. अप्पा पट्ट्यांची पेटी पुसत होते. मी म्हटलं, "कुसुमसाठी एवढं बसलात. माझ्यासाठी एकदा बसा." त्यांना कळलं नाही. मी पुन्हा म्हटलं, मोठ्यानं. त्यांनी पेटी खाली ठेवली. "काय करू?" म्हणाले. "माझा आवाज नीट करा. तिचा केलात तसा."

त्यांनी माइक जोडला, हेडफोन लावला. मी समोरच्या वर्तमानपत्रातलं वाचायला लागले. त्यांनी एक पट्टी वर केली, परत खाली आणली. दुसरी हलवली. माझ्याकडे बघून विचारलं, "आता कसं आहे?" "तुम्ही सांगा, हेडफोन तुमच्याकडे आहे," मी म्हटलं. त्यांनी अजून एक पट्टी हलवली. मग सगळ्या एकेक करून मध्यावर आणून ठेवल्या, आणि हेडफोन काढून मांडीवर घेतला.

"विजू," ते म्हणाले, "मला येत नाही तुझा आवाज."

मला वाटलं, त्यांना जमत नाही असं म्हणताहेत.

"तसं नाही. ऐकू येत नाही. म्हणजे कोणी बोलतंय एवढं येतं, शब्द येत नाहीत. तुझा आवाज वरचा आहे. माझे कान वरूनच गेलेत. आधी वाटलं, तूच हळू बोलतेस. मग कळलं. तुझ्या ओठांकडे बघून थोडं लागतं." त्यांनी हेडफोनची वायर सरळ केली. "तुझ्या टेपेला काय लावायला हवं होतं ते मला ऐकूच येत नव्हतं. चुकीचं काहीतरी लावून बिघडवण्यापेक्षा म्हटलं, आहे तशी असू दे."

"मला सांगायचं होतंत. मी लावलं असतं."

"सांगून काय सांगणार. बापाला मुलगी ऐकू येत नाही म्हणून?"

स्वयंपाकघरात कुसुम काहीतरी सांगून आईला हसवत होती. मी हेडफोन त्यांच्या मांडीवरून उचलला आणि त्यांच्या कानांवर बसवला. पेटी माझ्याकडे ओढली. डावीकडच्या सगळ्या पट्ट्या खाली नेल्या आणि उजवीकडच्या, ज्यांना ते नेहमी जपून हात लावत, त्या वर चढवत गेले. सकाळपासून आईचा एक निरोप द्यायचा राहिला होता, तो म्हटला.

"अप्पा, सुकट संपलंय. संध्याकाळी आणायला सांगितलंय आईनं."

ते माझ्या ओठांकडे बघत होते. मी तोंडापुढे वर्तमानपत्र धरलं, पट्ट्या पार वरपर्यंत नेल्या आणि परत म्हटलं. माझ्या स्वतःच्या कानाला तो आवाज सहन झाला नसता, पत्र्यावर खिळा ओढल्यासारखा झाला असणार. कागदामागून मला त्यांचं हसू ऐकू आलं.

"सुकट," ते म्हणाले. "सुकट संपलंय म्हणालीस."

"हो."

"अजून काहीतरी बोल."

मी वर्तमानपत्र खाली घेतलं. त्यांचे डोळे मिटलेले होते, कुसुमचं ऐकताना मिटलेले असायचे तसे. मला एकदम इतकं सांगायचं होतं, कॉलेजातलं, टपरीवरचं, सगळं, की कुठून सुरू करावं हे ठरवण्यात माझा थोडा वेळ गेला. त्यांना वाटलं, मी बोलतेय आणि त्यांना ऐकू येत नाही. त्यांनी हेडफोन एका कानावरून सरकवला आणि माझ्याकडे वाकले.

तेवढ्यात आतून, भिंतीपलीकडून, पाट मांडता मांडता कुसुम म्हणाली, "मामा, जेवायला या."

"आलो गं," अप्पा म्हणाले, आणि हेडफोन काढून माझ्या हातात दिला.